शेवटच्या रांगेतून दिसलं पाहिजे

पुण्यात बुधवार पेठेतल्या एका टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात मी हे काम शिकलो. पुढे व्हीसीआर आले, मग व्याख्यानमालांना आणि महाविद्यालयांना भाड्याने प्रोजेक्टर देण्याचं काम सुरू झालं, आता लॉनवरच्या लग्नात एलईडी वॉल उभ्या करतो. यंत्रं बदलली. लोकांचे प्रश्न फारसे बदलले नाहीत: चित्र फिकं का दिसतं, पिवळं का पडलं, वायर बसते पण चित्र का येत नाही. या प्रश्नांची उत्तरं देताना जे पक्कं झालं ते इथे लिहितो आहे. सभागृह चालवणाऱ्यांना, शाळेतल्या शिक्षकांना आणि घरी मोठा पडदा घ्यायला निघालेल्यांना ते उपयोगी पडावं.

१. आधी खोली पाहा

प्रोजेक्टर किती ‘पॉवरचा’ हवा, असा फोन आला की मी पहिल्यांदा खिडक्यांबद्दल विचारतो. खिडक्यांना पडदे आहेत का, पडद्यासमोरच्या ट्यूबा वेगळ्या बटणावर आहेत का, कार्यक्रम सकाळी आहे की संध्याकाळी? कारण साधं आहे. प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. तो फक्त उजेड टाकतो. चित्रातला काळा म्हणजे जिथे त्याने उजेड टाकला नाही तो पडद्याचा भाग, आणि त्या भागावर ट्यूबलाइटचा उजेड पडला असेल तर काळ्याचा राखाडी होणारच. लाखाचा प्रोजेक्टर आणला तरी ही गोष्ट टळत नाही.

हिशेब करून पाहू. पडदा ८ फूट रुंद आणि साडेचार फूट उंच असेल तर क्षेत्रफळ ३६ चौरस फूट. ३००० ल्युमेनचा प्रोजेक्टर त्यावर दर चौरस फुटाला सुमारे ८३ ल्युमेन टाकतो. हाच प्रोजेक्टर मागे नेऊन १६ बाय ९ फुटांचं चित्र केलं की क्षेत्रफळ होतं १४४, आणि दर चौरस फुटाला उरतात जेमतेम २१ ल्युमेन. रुंदी दुप्पट, उजेड एक चतुर्थांश. आयोजक ‘जरा मोठं करा ना’ म्हणतात तेव्हा हा भागाकार त्यांच्या डोळ्यासमोर नसतो.

२१ वाईट आहेत असं मुळीच नाही. डिजिटल सिनेमागृहात पांढऱ्या पडद्याच्या उजळपणाचं प्रमाण १४ फूट-लॅम्बर्ट धरतात, आणि साध्या मॅट पडद्यावर दर चौरस फुटाला पडलेले ल्युमेन म्हणजे साधारण तेवढेच फूट-लॅम्बर्ट. म्हणजे पूर्ण अंधार असेल तर आपलं १६ फुटी चित्र सिनेमागृहापेक्षा उजळ आहे. पण सभागृहात ट्यूबा चालू असतील तर पडद्यावर त्यांचा उजेड सहज दर चौरस फुटाला १०-१५ ल्युमेन पडतो. काळा झाला १२, पांढरा झाला ३३. काळ्यापांढऱ्यात तिपटीचासुद्धा फरक उरला नाही, मग फोटोतला चेहरा दिसणार कसा? अशा वेळी पडद्याजवळच्या दोन ट्यूबा बंद केल्याने जो फरक पडतो तो दुप्पट भाड्याचा प्रोजेक्टर आणूनही पडत नाही. नवीन सभागृह बांधणाऱ्यांना माझं एकच मागणं असतं, मंचावरच्या दिव्यांचं बटण वेगळं ठेवा. खर्च एका वायरचा आहे. तरीही दहातल्या बहुतेक सभागृहांत सगळे दिवे एकाच बटणावर सापडतात, याचं मला वाईट वाटतं.

भर दुपारच्या उघड्या मांडवात प्रोजेक्टर नकोच. तिथे एलईडी वॉल लागते, कारण तिचा प्रत्येक ठिपका स्वतः उजेड देतो. वॉल घेताना ‘पी-३’, ‘पी-४’ हे आकडे विचारा. दोन ठिपक्यांमधलं ते मिलिमीटरमधलं अंतर. ढोबळ नियम असा की जितके मिलिमीटर तितके मीटर तरी पहिली खुर्ची लांब हवी. पी-४ लावून पहिली रांग ६ फुटांवर मांडली तर मानाच्या पाहुण्यांना नवरानवरी न दिसता नुसते ठिपके दिसतात.

खोलीबद्दल शेवटचं. प्रोजेक्टर वाकडा ठेवून ‘कीस्टोन’ने चित्र सरळ करण्याची सवय लागली आहे. यंत्र तेव्हा चित्राचा एक भाग आकसून चौकट सरळ करतं, म्हणजे मूळ ठिपके वाया जातात आणि अक्षरांच्या कडा मऊ पडतात. शक्य असेल तर टेबलाची उंची बदला.

२. पिक्चर ट्यूबला मान द्या, आणि हात लावू नका

आमचे उस्ताद सेट उघडल्यावर पहिल्यांदा ट्यूबच्या कडेची रबरी टोपी दाखवायचे. रंगीत टीव्हीत तिथे सुमारे २५,००० व्होल्ट असतात. ट्यूबची काच आतून-बाहेरून लेप दिलेली असते, त्यामुळे ती स्वतःच एक मोठा कपॅसिटर बनते आणि सेट बंद करून प्लग काढल्यावरही विजेचा साठा धरून राहते. स्क्रू ड्रायव्हरला जाड वायर बांधून, तिचं दुसरं टोक ट्यूबच्या बाहेरच्या अर्थच्या जाळीला लावून, मगच तो साठा उतरवायचा. एक हात खिशात ठेवून. हा नियम त्यांनी कधी कुणाला मोडू दिला नाही.

त्या ट्यूबबद्दल मला आजही आदर आहे. १८९७ मध्ये जर्मनीत कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी विजेचा आलेख पाहण्यासाठी केलेली ती नळी पुढे कित्येक दशकं घराघरांत चित्र दाखवत राहिली. आपल्याकडच्या पद्धतीत एका चित्राच्या ६२५ ओळी. आधी विषम ओळी, मग सम ओळी, अशी सेकंदाला ५० अर्धी चित्रं. कोणत्याही एका क्षणी पडद्यावर किरण पडलेला असतो तो फक्त एका बिंदूवर. बाकीचं चित्र फॉस्फरची विझत जाणारी झळाळी आणि आपले डोळे मिळून पुरं करतात.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि सिंहगडावरच्या मनोऱ्यातून ते पुण्यात दिसू लागलं. गच्चीवर एकाने अँटेना फिरवायचा आणि खालून दुसऱ्याने ‘मुंग्या गेल्या, थांब!’ म्हणून ओरडायचं, हे ज्यांनी केलं त्यांना सिग्नल म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही. १९८२ च्या स्वातंत्र्यदिनी रंग आला, पाठोपाठ एशियाड आलं, आणि दुरुस्तीच्या दुकानांचं रूप पालटलं. मग तक्रारही नवी येऊ लागली: कोपऱ्यात हिरवा-जांभळा डाग. बहुतेक वेळा शेजारी स्पीकर ठेवलेला असायचा. त्याच्या चुंबकाने इलेक्ट्रॉनचा किरण हटून चुकीच्या रंगावर पडतो. स्पीकर दूर केला, सेट दोन-तीनदा थोड्या थोड्या वेळाने बंद-चालू केला की आतली डीगॉसिंग कॉइल डाग धुऊन काढायची. चालू करताना ‘धम्म’ असा आवाज यायचा तो तिचाच.

माळ्यावर असा सेट अजून असेल तर तो भंगारात फोडायला देऊ नका. ट्यूबच्या मागच्या नरसाळ्यासारख्या काचेत शिसं असतं, आतले क्ष-किरण बाहेर पडू नयेत म्हणून ते घातलेलं. तांब्यासाठी ट्यूब फोडणाऱ्या माणसाच्या हातात ते शिसं आणि फॉस्फरची पूड दोन्ही येतात. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच द्या.

३. ऑपरेटरने सभागृहात जाऊन बसावं

हे मला एका जुन्या टॉकीजच्या ऑपरेटरने शिकवलं. त्यांच्या केबिनमध्ये दोन मशीन होती. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट पळते, त्यामुळे २००० फुटांचं रीळ २२ मिनिटांत संपतं. रीळ संपायला आलं की चित्राच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक गोल ठिपका चमकतो, तेव्हा दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची. सुमारे सात सेकंदांनी दुसरा ठिपका येतो, तेव्हा उजेड या मशीनवरून त्या मशीनवर न्यायचा. प्रेक्षकाला कळतासुद्धा कामा नये. कार्बनच्या काड्यांचा आर्क असेल तर काड्या जळून आखूड होत जातात, त्यांच्यातलं अंतर सतत राखावं लागतं, नाहीतर पडदा पिवळट पडतो.

फिल्म सरकते तीही सलग नाही. माल्टीज क्रॉस नावाचं दातेरी चाक तिला एका चौकटीपुरतं ओढतं आणि थांबवतं, सेकंदाला २४ वेळा. ओढताना पडद्यावर पट्टा दिसू नये म्हणून शटर उजेड अडवतं. शटरला दोन पाती असल्यामुळे प्रत्येक चौकट दोनदा चमकते, म्हणजे सेकंदाला ४८ चमका. तीन तासांच्या सिनेमात पडदा कितीतरी वेळ चक्क काळा असतो आणि हजार माणसांतल्या एकालाही ते जाणवत नाही. माणसाच्या डोळ्याची इतकी बारकाईने दखल घेणारं दुसरं यंत्र मी पाहिलेलं नाही.

हे गृहस्थ मध्यंतरानंतर मदतनिसाला केबिनमध्ये ठेवून खाली जायचे आणि अगदी शेवटच्या रांगेत, भिंतीकडच्या खुर्चीवर दहा मिनिटं बसायचे. फोकस, उजेड, आवाज तिथून पाहायचे. मी तेच उचललं. यंत्राशेजारी उभं राहून चित्र नेहमीच चांगलं दिसतं. कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी शेवटच्या रांगेत बसून पाहणं हा माझ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, आणि सोबत आलेल्या मुलांकडूनही मी तो करून घेतो.

पडद्यावर चित्र टाकून दाखवण्याची परंपरा सिनेमाहून जुनी आहे. ल्युमिएर बंधूंचे चित्रपट मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये ७ जुलै १८९६ ला दाखवले गेले, त्याच्या आधीच कल्याणचे महादेव पटवर्धन आपल्या मुलांसह ‘शांबरिक खरोलिका’ नावाने जादूच्या दिव्याचे खेळ करू लागले होते. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं, त्यामागे दिवा, पुढे भिंग, आणि चित्र हलल्याचा भास देण्यासाठी एकापेक्षा जास्त दिवे. दिवा, चित्र, भिंग, पडदा: माझ्या लेझर प्रोजेक्टरमध्येही एवढंच आहे.

४. देवनागरी मोठी लिहा

व्याख्यात्यांना मी हात जोडून सांगतो. इंग्रजी अक्षर लहान झालं तरी अंदाजाने वाचता येतं. आपल्या लिपीत अर्थ वरखाली असतो: अनुस्वार, रफार, मात्रा, उकार, जोडाक्षरांचे पाय. मागच्या रांगेतून आधी हेच दिसेनासे होतात आणि ‘चिता’ आणि ‘चिंता’ सारखेच वाचले जातात. ३६ पॉइंटच्या खाली जाऊ नका, एका पानावर सहा-सात ओळींच्या वर लिहू नका. निळ्यावर लाल अक्षर तर कधीच नको. त्या दोन रंगांच्या उजळपणात फरक फार थोडा असतो, दुरून ते एकमेकांत मिसळतात.

आणि युनिकोडमध्येच लिहा. जुन्या पद्धतीचा फॉन्ट तुमच्या घरच्या संगणकावर असतो, सभागृहातल्या लॅपटॉपवर नसतो, मग कवितेच्या जागी विरामचिन्हं आणि इंग्रजी अक्षरांची रांगोळी उमटते. युनिकोड जमत नसेल तर पीडीएफ करून आणा, त्यात फॉन्ट सोबत येतो.

५. वायर काय वाहून नेते ते ओळखा

दोष यंत्रात आहे असं सांगून मला बोलावतात, आणि तो वायरीत निघतो. म्हणून हे सविस्तर सांगतो.

सर्वांत जुनी पिवळी पिन. लाल आणि पांढरी आवाजाची, पिवळी चित्राची. या एका तारेत उजळपणा, रंग आणि ओळी जुळवण्याच्या खुणा सगळं एकत्र कोंबलेलं असतं. टीव्हीला ते पुन्हा वेगळं करावं लागतं आणि ते पूर्ण वेगळं होत नाही. बारीक चौकडीच्या शर्टावर इंद्रधनुष्य नाचतं ते याचमुळे. पुढे एस-व्हिडिओच्या चार पिनांच्या गोल जॅकने रंग आणि उजळपणा वेगळे केले. डीव्हीडीच्या काळात हिरव्या-निळ्या-लाल अशा तीन पिनांचा कॉम्पोनंट आला. हिरव्या पिनेत उजळपणा असतो आणि बाकी दोघींत रंगाचा फरक, म्हणून फक्त हिरवी लावली तर चित्र कृष्णधवल पण स्पष्ट येतं. गडबडीत पिवळी वायर सापडली नाही तर लाल किंवा पांढरी वापरा, पिन तीच आहे आणि थोड्या अंतराला काम भागतं.

व्हीजीए १९८७ मध्ये आयबीएमच्या संगणकांसोबत आलं आणि अजूनही महाविद्यालयांच्या भिंतींत गाडलेलं सापडतं. पंधरा पिना, दोन्ही बाजूंना स्क्रू. त्यात लाल, हिरवा आणि निळा यांना स्वतंत्र तारा आहेत, आणि दुरुस्तीची किल्ली त्यातच आहे. चित्र पिवळं पडलं तर निळी तार तुटली. जांभळट-गुलाबी दिसलं तर हिरवी. निळसर-हिरवं झालं तर लाल. पिना पाहा, एखादी वाकून आडवी झालेली असते. बारीक चिमट्याने सावकाश सरळ करा. अक्षरांच्या उजवीकडे फिकी सावली पडली तर वायर फार लांब किंवा हलकी आहे. व्हीजीएचा मोठा गुण हा की ते बिघडलं तरी काहीतरी दाखवतं, आणि जे दाखवतं त्यावरून दोष कळतो.

एचडीएमआयचा स्वभाव उलटा. २००२ च्या अखेरीस त्याचं पहिलं प्रमाण ठरलं. एकोणीस पिना, आवाज आणि चित्र एकत्र, सगळं आकड्यांत. चित्र येतं तेव्हा अगदी स्वच्छ येतं, नाहीतर काळा पडदा, आणि मधली पायरी म्हणजे पांढऱ्या ठिणग्या. ठिणग्या दिसल्या की वायर बदला. त्याची दुसरी गोष्ट अशी की चित्र जाण्याआधी दोन यंत्रं एकमेकांशी बोलतात. प्रोजेक्टर सांगतो, मला एवढे ठिपके, एवढा वेग चालतो. या यादीला ईडीआयडी म्हणतात. मग चोरून नक्कल होऊ नये म्हणून असलेल्या एचडीसीपी कुलुपाची किल्ली जुळवली जाते. हे लग्न ठरवण्यासारखं आहे: पत्रिका पोहोचली नाही तर पुढची बोलणीच होत नाहीत. म्हणून क्रम पाळा. प्रोजेक्टर आधी चालू करा, योग्य इनपुट निवडा, वायर लावा, लॅपटॉप शेवटी. अडलं तर वायर काढून दहा सेकंदांनी पुन्हा लावा, म्हणजे बोलणी नव्याने सुरू होतात. विंडोज असेल तर खिडकीची कळ आणि ‘पी’ एकत्र दाबा; निम्म्या वेळा तिथे ‘फक्त लॅपटॉप’ निवडलेलं असतं.

लांबी हा एचडीएमआयचा कमकुवत भाग. तांब्याची साधी वायर १०-१५ मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही, फोर-के असेल तर त्याही आधी. पुढे दोन वाटा आहेत. कॅट-६ वायरीवरून एचडीबेस-टी, जे १०० मीटरपर्यंत नेतं, किंवा ऑप्टिकल एचडीएमआय. ऑप्टिकलची दोन टोकं सारखी दिसतात, पण ती एकाच दिशेने चालते. एकावर ‘सोर्स’ आणि दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ छापलेलं असतं. छतात वायर घालण्याआधी ते वाचा, कारण उलटी घातली तर पूर्ण पाइप पुन्हा रिकामा करावा लागतो.

एचडीएमआय ते व्हीजीए असा छोटा तुकडा घेताना लक्षात ठेवा की आत खरा कन्व्हर्टर लागतो, नुसत्या जोडलेल्या तारांनी आकड्यांचं चित्र होत नाही. आणि तो एकाच दिशेचा असतो. व्हीजीएच्या लॅपटॉपवरून एचडीएमआयच्या टीव्हीवर जायचं तर दुसरा तुकडा लागतो.

२०१४ पासूनचं यूएसबी-सी सर्वांत फसवं आहे. एकाच आकाराच्या भोकातून कुठे चार्जिंग, कुठे डेटा, कुठे चित्र. सगळ्या लॅपटॉपमधून चित्र बाहेर येत नाही. भोकाशेजारी ‘डीपी’चं चिन्ह किंवा थंडरबोल्टची वीज काढलेली असेल तर येतं. वायरीचंही तसंच, मोबाइल चार्जरसोबत आलेल्या वायरीतून बहुधा चित्र जात नाही. वक्त्यांना आदल्या दिवशी फोन करून मी एकच विचारतो: लॅपटॉपच्या भोकाचा फोटो पाठवा. त्याने संध्याकाळचा अर्धा ताण जातो.

६. खोक्यावरच्या आकड्यांवर विसंबू नका

‘९००० ल्युमेन, फोर-के’ असं छापलेला हलका प्रोजेक्टर पाच-सात हजारांत मिळतो. ल्युमेनच्या आधी ‘आन्सी’ किंवा ‘आयएसओ’ लिहिलेलं नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. ‘सपोर्ट्स फोर-के’ म्हणजे तो फोर-केची फाइल घेतो, दाखवतो मात्र स्वतःच्या ठिपक्यांतच. ‘नेटिव्ह रिझोल्युशन’ विचारा. दुकानदार सांगत नसेल तर घेऊ नका.

७. पंखा थांबेपर्यंत थांबा

जुन्या प्रोजेक्टरच्या बल्बमध्ये पारा असतो आणि चालू असताना आतला दाब बाहेरच्या हवेच्या सुमारे दोनशेपट असतो. कार्यक्रम संपल्यावर थेट प्लग ओढला की पंखा थांबतो आणि बल्ब आतल्या आत भाजतो. बटणाने बंद करा, पंखा स्वतः थांबू द्या. वीज जाणाऱ्या गावात प्रोजेक्टरला छोटा यूपीएस हवाच. खोक्यावर लिहिलेले तीन-चार हजार तास म्हणजे उजेड निम्मा होईपर्यंतचे तास, हेही ध्यानात ठेवा. लेझरवाल्यांचे २०,००० तासही त्याच मापाने मोजतात. आणि जाळी! महिन्यातून एकदा ब्रशने झाडा. आपल्याकडची धूळ आणि गणपतीतला गुलाल यांनी जितके प्रोजेक्टर मारले तितके बल्बने मारले नाहीत.

८. चेहरे ओढू नका

प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ चा. त्याची चौकट जवळजवळ चौकोनी, चाराला तीन. ती सोळाला नऊच्या टीव्हीवर ‘भरून’ दाखवली की रुंदी एक तृतीयांशाने वाढते आणि विष्णुपंत पागनिसांचा चेहरा पसरट होतो. डावी-उजवीकडच्या काळ्या पट्ट्या हा दोष नाही, ती त्या चित्राची हद्द आहे. ‘पैसे दिलेत तर अख्खा पडदा भरा’ असं मला अनेकदा ऐकवलं जातं. मी भरत नाही. दिग्दर्शकाने आणि छायालेखकाने चौकट ठरवली, ती मोडायचा अधिकार वायर जोडणाऱ्याला नाही, आणि पट्ट्या का आहेत ते समजावून सांगितलं की बहुतेक लोक मान्यही करतात.

९. नवा टीव्ही घरी आला की आधी त्याची चकाकी उतरवा

दुकानात वीस टीव्ही शेजारी शेजारी, वर झगझगीत दिवे. तिथे जिंकण्यासाठी टीव्ही भडक आणि निळसर ठेवलेला असतो. घरी ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड निवडा. दोन दिवस पिवळट वाटेल, मग डोळ्याला कातडीचे खरे रंग दिसू लागतील. ‘शार्पनेस’ खाली आणा. ‘मोशन स्मूदिंग’ बंद करा. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा असताना हे तंत्र मधल्या चौकटी स्वतःच्या मनाने तयार करतं आणि चित्रपट मालिकेच्या शूटिंगसारखा दिसतो. क्रिकेटला हवं तर ठेवा.

‘एलईडी टीव्ही’ हा बहुतेक वेळा एलसीडीच असतो. मागे एलईडीचे दिवे, पुढे त्यांचा उजेड अडवणारे द्रवस्फटिक. ते पूर्ण अडवू शकत नाहीत, म्हणून अंधाऱ्या खोलीत काळा रंग करडा दिसतो. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो, काळा तिथे खरोखर काळा. मला विचाराल तर रात्री दिवे मालवून सिनेमा पाहणाऱ्याने ओएलईडी घ्यावा. दिवसभर बातम्यांचं एकच चॅनल चालणाऱ्या घराने घेऊ नये, खालची पट्टी वर्षानुवर्षं एकाच जागी राहिली तर तिथले ठिपके आधी झिजतात आणि खूण उरते.

१०. कॅसेटी आत्ताच उतरवून घ्या

घरोघरी मुंजीच्या, लग्नाच्या, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या व्हीएचएस कॅसेटी पडून आहेत. त्या चालवणारं यंत्र आता बनत नाही. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, ती शेवटची होती. चालू स्थितीतले व्हीसीआर दर वर्षी कमी होत आहेत, त्यांचे हेड आणि रबरी पट्टे मिळत नाहीत, आणि हेड साफ करता येणारे कारागीरही वयाने थकले आहेत. कोकणात आणि मुंबईत तर दमटपणाने फितीवर बुरशी चढते. कॅसेटच्या खिडकीतून पांढरी पूड दिसली तर ती चालवून पाहू नका. फीत खराब होईल, हेडही जाईल. आधी जाणकाराकडून साफ करून घ्या.

चांगली कॅसेट उतरवणं अवघड नाही. व्हीसीआरची पिवळी-लाल-पांढरी वायर, एक कॅप्चर करणारं यंत्र आणि लॅपटॉप. ७२० बाय ५७६ ठिपक्यांत, चाराला तीन याच चौकटीत उतरवा. त्याहून मोठं करून घेण्यात काही हाशील नाही, फितीवर तेवढं चित्रच नसतं. दुकानातून करून घेत असाल तर ‘एचडी करून देतो’ या बोलण्याला भुलू नका, मूळ मापातली फाइल मागा. दोन वेगळ्या ठिकाणी दोन प्रती ठेवा, आणि फाइलच्या नावात साल आणि प्रसंग लिहा. चित्रातली माणसं कोण आहेत ते ओळखणारी वडीलधारी मंडळी घरात असतील तर त्यांना शेजारी बसवून नावं लिहून घ्या. हे काम पुढच्या दिवाळीवर टाकू नका, या सुट्टीतच माळा उघडा.